न सापडणे आणि नसणे

एखादी वस्तू दिसली नाही, एवढ्यावरून ती तेथे नाही असे केव्हा म्हणता येते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील जुना वाद आहे. कुमारिल भट्टांचा मीमांसा-संप्रदाय आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’, म्हणजे वस्तूची प्रतीती न होणे, हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच धरतात. मात्र ही अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे, याविषयी त्यांच्यात दुमत नाही: घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच त्याच्या न दिसण्याला किंमत येते, अंधारात न दिसलेल्या घटाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

ही अट यंत्रालाही किती काटेकोरपणे लागू पडते, हे एसएलआर कॅमेऱ्यातील ऑटोफोकस पाहिल्यावर ध्यानात येते. त्याच्या ‘फेज डिटेक्शन’ पद्धतीत लेन्सच्या समोरासमोरच्या कडांतून आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा तळाच्या सेन्सरवर पडतात आणि त्यांच्यातील अंतरावरून फोकस कोणत्या दिशेला व किती चुकला हे ठरते. अनेक बॉडींतील सेन्सर एफ/५.६ हे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे द्वार, गृहीत धरून रचलेला असतो. ४०० मिमी एफ/५.६ लेन्सला १.४ पट टेलिकन्व्हर्टर जोडला की ते एफ/८ होते, सेन्सरला हव्या असलेल्या कडांचे किरण अडतात आणि समोरचा पक्षी जागचा हललेला नसतानाही यंत्राला तो सापडेनासा होतो. कॅननच्या कित्येक बॉडी अशा वेळी ऑटोफोकस बंदच करतात, म्हणजे आपली अयोग्यता आपणच जाहीर करतात; हौशी मंडळी टेलिकन्व्हर्टरच्या काही पिनांवर चिकटपट्टी लावून ती माहिती दडवतात, आणि मग लेन्स पुढेमागे ‘हंट’ करत राहते किंवा, उजेड चांगला असल्यास, फोकस लागूनही जातो.

याहून निराळी विसंगती निकॉनच्या २००६ मधील डी४० बॉडीत आढळते. तिच्यात फोकसची मोटर नसल्याने स्क्रूने फिरणाऱ्या जुन्या एएफ लेन्स तिच्यावर आपोआप फिरत नाहीत, तरी हाताने रिंग फिरवताना नेमका फोकस लागताच व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका पेटतो. येथे उणीव क्रियेची आहे, ज्ञानसाधनाची नव्हे. ‘लेन्स चालत नाही’ या सरसकट तक्रारीत हा भेद हरवतो.

कॅमेऱ्याला ज्ञान होतच नाही, हा आक्षेप रास्त आहे. ज्ञाता छायाचित्रकार, आणि यंत्र हे केवळ करण, म्हणजे ज्ञानाचे साधन. तरीही एक पेच उरतोच. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर, भरपूर उजेडात आणि एफ/२.८ लेन्स लावूनही, फोकस लागत नाही, कारण दोन प्रतिमा जुळवायला भिंतीवर एकही रेघ नसते. पिशाच्च दिसत नाही म्हणून ते नाही असे ठरत नाही, कारण तो विषयच प्रत्यक्षाला अयोग्य, असे शास्त्रकार सांगतात. भिंत मात्र डोळ्याला स्वच्छ दिसते. तेव्हा योग्यता हा केवळ विषयाचा धर्म मानता येत नाही. कोणत्या करणाच्या संदर्भात ती पाहायची, हे आधी ठरवावे लागते.