कागदाचे फूल व अंतःकरणाची शुभेच्छा

भाईंदरच्या पश्चिमेस समुद्रकाठी चौक, पाली, उत्तन ही गावे आहेत. तेथील ख्रिस्ती लोक बहुतेक रोमन मंडळीचे. तथापि नाताळ जवळ आला म्हणजे त्यांच्या व आपल्या मुलांची हौस एकच असते. रंगीत कागद कातरावा, पाकळ्या वळाव्या, खळीने त्या जाड कागदावर चिकटवाव्या, व खाली ‘शुभ नाताळ’ असे लिहावे. ह्या निर्दोष उद्योगाविषयी दोन प्रश्न मनात येतात.

पहिला असा की, कागदाचे फूल म्हणजे खोटे फूल. मग खोट्याने सत्याचा सण का शृंगारावा? ह्याचे उत्तर शास्त्रातच आहे. निवासमंडपातील दीपवृक्षाला बदामाच्या फुलांसारख्या वाट्या घडविण्याची आज्ञा स्वतः देवानेच मोशेला दिली. आणि शलमोनाच्या मंदिरात गंधसरूच्या लाकडावर उमललेली फुले कोरली होती. अनुकरण हे असत्य नव्हे. अनुकरणाला मूळ वस्तू म्हणून खपविणे हे असत्य होय. कागदी फूल कोणास फसवीत नाही.

दुसरा प्रश्न मात्र कठीण आहे. फूल खोटे नसले तरी शुभेच्छा खोटी असू शकेल काय?

पहिले छापील नाताळपत्र १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल ह्या गृहस्थांस पुष्कळ मित्रांना पत्रे लिहावयास सवड नव्हती. म्हणून त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली ह्या चित्रकाराकडून चित्र काढवून सुमारे १,००० प्रती छापविल्या. मध्ये मद्याचे पेले उंचावलेले कुटुंब होते, व त्याबद्दल मद्यनिषेधाच्या पुरस्कर्त्यांनी दोषही दिला. परंतु दोन्ही बाजूंस भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याची चित्रे होती, हे विसरू नये. तीच दोन चित्रे सणाच्या शुभेच्छेचा खरा अर्थ सांगतात. उघड्यानागड्यास काहीही न देता ‘सुखी राहा’ म्हणून वाटेस लावणाऱ्यास याकोबाने जो प्रश्न केला, तो प्रत्येक शुभेच्छापत्रासही लागू आहे.

कोणी म्हणेल, हाताने केलेल्या पत्रात आपला वेळ व श्रम असतात, म्हणून ते खरे. हे अर्धेच सत्य आहे. समजा, मासळी सुकविण्याच्या जागेवरून दोन शेजाऱ्यांत तंटा आहे, व वर्षभर बोलणे बंद आहे. एका घरातील मुलगी वीस पत्रे करते, आणि विचारते, “आई, शेजारच्या काकीला कोणते देऊ?” आई म्हणते, “तिला नको.” तर बंधुजनहो, त्या वीस पत्रांवर कितीही श्रम केलेले असोत, ती आई अजून नाताळाची शुभेच्छा द्यावयास शिकली नाही. वेदीजवळ आणलेले अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे. मग शुभेच्छापत्राची काय कथा?

यास्तव मुलांचा हा उद्योग बंद करू नका; त्यांच्याजवळ बसा. पण सर्वांत सुंदर फूल बाजूस ठेवा, आणि ज्याचे नाव लिहिताना हात अडखळतो त्याचेच नाव त्यावर लिहा. ते पत्र मुलाबरोबर पाठवू नका. ते घेऊन स्वतः त्याच्या दाराशी जा, व आपली चूक असेल ती कबूल करा. बागेतले फूल संध्याकाळी सुकते, कागदाचे पावसाळ्यात विरते. परंतु त्या दारी झालेला समेट देवासमोर टिकेल.