‘ट्रेनिंग लावा’

कारखान्यात रिजेक्शन वाढलं की प्रॉडक्शन मॅनेजरचा प्रशिक्षण विभागाला फोन येतो : ‘पोरांना ट्रेनिंग लावा.’ मग हॉल, प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं, हजेरीपटावर सह्या, शेवटी फीडबॅक फॉर्म. सगळं रीतसर पार पडतं. बोल्ट मात्र सैलच निघतात.

अशा वेळी प्रशिक्षण अधिकाऱ्याने तारीख देण्याआधी लाइनवर जाऊन उभं राहावं, असं मला कळकळीने वाटतं. दुसऱ्या शिफ्टला गेलं तर एखादा ऑपरेटर आपणहून सांगतो, ‘मॅडम, आवळायला येतं हो. पण दोन स्टेशनांत मिळून टॉर्क रेंच एकच. तो पलीकडे असला की साध्या पान्याने भागवतो.’ रेंच हातात घ्यावा, तर त्यावरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरचीही मुदत उलटलेली. याला कुठलं ट्रेनिंग देणार?

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली ‘ॲनलायझिंग परफॉर्मन्स प्रॉब्लेम्स’ या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला. अगदी जिवावर बेतलं, तर माणसाला ते काम जमेल का? जमणार असेल, तर उणीव कौशल्याची नाही. साधनं कमी असतील, सूचना धूसर असतील, किंवा नीट काम करणाऱ्याच्याच गळ्यात जास्तीचं काम पडत असेल.

हे ओळखणं फारसं कठीण नाही. कठीण आहे ते केबिनमध्ये जाऊन सांगणं, की ट्रेनिंग नको, दुसरा रेंच हवा. प्रशिक्षण अधिकाऱ्याच्या हाताखाली ना लाइन असते, ना खरेदीचं बजेट. त्यात तिचं काम बहुतेक ठिकाणी मोजलं जातं ते ‘मॅनडेज’वर, म्हणजे किती जणांना किती दिवस ट्रेनिंग दिलं यावर; वर्ग नाकारला की तिचाच आकडा खाली येतो. तरीही जी बोलते, तिच्यात मला नेतृत्व दिसतं. नेतृत्वगुणांच्या स्लाइड्स दाखवणं त्यामानाने कितीतरी सोपं.

नव्या पोराला खरंच येत नसेल, तर अर्थातच शिकवायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चाललेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ने सुपरवायझरांना त्यासाठी चार पायऱ्या दिल्या होत्या : मनाची तयारी, दाखवणं, करून घेणं आणि नंतरचा पाठपुरावा. आपल्याकडे हमखास गळते ती चौथी. आठवड्याभराने त्याच स्टेशनवर जाऊन ‘कुठे अडतंय का?’ असं विचारायला हवं. आणि सुपरवायझर शेजारी उभा असतानाही ‘हो, अडतंय’ म्हणायला पोरगा कचरू नये, एवढा त्याचा विश्वास त्याआधी कमावलेला हवा.