भाकर कोणाच्या हक्काची?



रेशनचे धान्य वेळेवर आले नाही, तर त्या घरची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी कोणाची? आपल्यापैकी काही जण म्हणतात, "ते सरकारचे काम. आपण देत राहिलो तर सरकार आणखी सुस्त होईल."

या म्हणण्यात तथ्य आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. हा उपकार नव्हे, हक्क आहे. आपल्या कोल्हापूरला हा विचार नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात राजर्षी शाहू महाराजांनी रयतेसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती.

परंतु हक्क कागदावर असतो आणि भूक पोटात. दुकानातल्या मशीनवर राबणाऱ्या हाताचा अंगठा उमटत नाही, सर्व्हर बंद पडतो, ई-केवायसी राहते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात १० किलो गहू व १० किलो तांदूळ मोफत देण्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असावे, अशी अट सरकारी आदेशात होती. तिच्यावर राज्यभर टीका झाली. त्याच दिवसांत गावोगावच्या मायबहिणींनी भाकऱ्या थापून पूरग्रस्तांसाठी पाठवल्या. किती दिवस पाण्यात होता, हे त्यांनी कोणाला विचारले नाही.

मग ही दया की न्याय? संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी की, प्राणावर बेतलेल्या गरजेच्या वेळी जगातील वस्तू सर्वांच्या सामाईक ठरतात. म्हणजे भुकेल्याचा हक्क केवळ सरकारवर नाही, आपल्या घरच्या कणगीवरही आहे. पतसंस्थेचा व्यवहार आपल्याला ठाऊक आहे. कर्जदाराने हप्ता थकवला तर जामीनदार मोकळा होत नाही. आणि जामीनदाराने हप्ता भरला म्हणून मूळ कर्जदारही सुटत नाही. भुकेल्याच्या बाबतीत आपण जामीनदार आहोत. आधी भरायचे आणि मग कर्जदाराकडे तगादा लावायचा.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी ती तक्रार कुरकुर म्हणून झटकून टाकली नाही. त्यांनी सात विश्वासू माणसे निवडायला सांगून वाटपाची व्यवस्थाच सुधारली.

आपल्या धर्मग्रामातही ही दोन्ही कामे व्हायला हवीत. एक, चर्चच्या दाराशी धान्यपेटी असावी. स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ, ज्वारी किंवा डाळ बाजूला काढावी आणि रविवारी मिस्सेला येताना आणावी. घेणाऱ्याचा धर्म विचारू नये, देताना फोटो काढू नये. दुसरे, ज्याचे रेशन अडले आहे, त्याच्यासोबत आपल्यातील लिहित्या-वाचत्या माणसाने तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जावे. हक्काचे धान्य दिले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. दाद मागण्यासाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारीही आहेत. हे गरिबाला सांगणे हीदेखील सेवाच आहे.

नुसते धान्य दिले तर गरीब कायमचा आपल्या दाराशी उभा राहील. नुसता अर्ज लिहून दिला तर निकाल लागेपर्यंत मूल उपाशी झोपेल.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती 'माझी' म्हणून नव्हे, तर 'आमची' म्हणून. त्या 'आमची' या शब्दात आपल्या गल्लीतले रिकामे डबेही येतात. पुढच्या रविवारी ती प्रार्थना म्हणताना आपल्या प्रत्येकाला त्यांची आठवण व्हावी, हीच प्रभूचरणी विनंती.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू