जुने ग्रंथ वाचल्याने पंथ बदलतो काय?



आमच्या वस्तीतील एका घरात सध्या बापलेकांत अबोला आहे. थोरला मुलगा महाविद्यालयात पाली घेऊन शिकतो. सुत्ते वाचता वाचता एके दिवशी तो वडिलांना म्हणाला, "दादा, शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यावरून सिद्धार्थाने घर सोडले, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. मला ते सुत्तांत सापडत नाही." वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, पुस्तकाने पोरगा बाटला. पाली सोडायला सांगू का?"

मी त्यांना तेथल्या तेथे उत्तर देऊ शकलो नाही. मूळ ग्रंथ वाचले तर माणूस आपल्या पंथापासून ढळतो, ही भीती खरी की खोटी? या भीतीचा एक मोठा दाखला इंग्लंडात घडला आहे. तो आपल्या लोकांनी ऐकावा असे वाटते.

सोळाव्या शतकात इंग्लंडचे चर्च रोमच्या पोपपासून वेगळे झाले. तेव्हापासून दोन्ही पक्ष म्हणत आले की, पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती आचार्य आमच्याच बाजूचे आहेत. या आचार्यांना ते लोक 'पितर' म्हणतात. (श्राद्धपक्ष सोडून आलेल्या आपण या शब्दाने दचकू नये, त्या पितरांना पिंड लागत नाही.) जॉन ज्यूएल नावाच्या इंग्लिश धर्मपंडितांनी तर १५५९ साली जाहीर आव्हान दिले की, पहिल्या सहाशे वर्षांतील आचार्यांच्या लेखनातून रोमचे वादग्रस्त आचार कोणी सिद्ध करून दाखवावेत, मी हार मानीन. म्हणजे जुने ग्रंथ हेच न्यायालय, हे दोघांनाही मान्य होते.

पुढे तीनशे वर्षांनी ऑक्सफर्डच्या काही विद्वानांनी हे न्यायालय खरोखरच उघडले. जॉन हेन्री न्यूमन, एडवर्ड प्यूझी व जॉन केबल हे त्यांतले प्रमुख. तिघेही इंग्लंडच्या चर्चचे धर्मोपदेशक. १८३८ पासून त्यांनी या आचार्यांच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे काढली. पहिला ग्रंथ ऑगस्टिनचे आत्मनिवेदन. ते काम प्यूझींनी केले. हेतू हा की, आपले चर्च जुन्याच मुळाचे आहे हे लोकांना दिसावे.

१८३९ च्या उन्हाळ्यात न्यूमन पाचव्या शतकातील एक वाद अभ्यासत होते. येशूचे स्वरूप एक की दोन, असा तो वाद. आपल्याला त्यात काय रस! पण वाचता वाचता न्यूमन चरकले. त्या वादात रोम जेथे उभे होते तेथेच आजही उभे आहे, आणि फुटून निघालेल्यांच्या जागी आपण उभे आहोत, असे त्यांना दिसले. पुढची सहा वर्षे ते झुरले. १८४३ साली चर्चमधील पद सोडले. ९ ऑक्टोबर १८४५ रोजी एका इटालियन पाद्र्याच्या हातून ते रोमन कॅथलिक झाले. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये इंग्लंडच्या चर्चची कलमे मानल्याशिवाय पदवीसुद्धा मिळत नसे. ही सक्ती पुढे टप्प्याटप्प्याने उठली. न्यूमन यांची फेलोशिप गेली, मित्र गेले, सख्ख्या बहिणीने संबंध तोडले. ऑक्सफर्डला त्यांचे पाऊल पुन्हा लागले ते १८७८ साली.

आता कोणी म्हणेल, पाहा, वाचल्यानेच पंथ बदलला! पण प्यूझींचे काय? त्यांनी तेच ग्रंथ वाचले, त्याच मेजावर त्यांची भाषांतरे केली. ते १८८२ साली मरेपर्यंत इंग्लंडच्याच चर्चमध्ये राहिले. केबलही राहिले. त्यांच्या कितीतरी आधी कॅल्व्हिन यांनी ऑगस्टिनचेच दाखले देऊन रोमशी भांडण मांडले होते. ग्रंथ एक आणि निकाल दोन, मग निकाल ग्रंथाने दिला असे कसे म्हणावे?

मला वाटते, फरक प्रश्नात होता. प्यूझी विचारीत होते, 'आमचे चर्च जुन्याशी जोडलेले आहे की नाही?' या प्रश्नाला ग्रंथातून होकार मिळत गेला. न्यूमन यांनी विचारले, 'त्या भांडणात मी कोणाच्या बाजूस असतो?' हा प्रश्न स्वतःवर उलटणारा आहे. आणि एवढ्यानेही त्यांचे भागले नाही. जुन्या आचार्यांचे चर्च आणि त्यांच्या काळातील रोमचे चर्च हुबेहूब सारखे नव्हते, हे त्यांना दिसत होते. म्हणून बीजातून झाड वाढावे तसे सिद्धांत काळाबरोबर वाढतात, असा एक अख्खा ग्रंथ त्यांना १८४५ सालीच लिहावा लागला. नुसत्या वाचनाने काम झाले असते तर हा ग्रंथ कशाला?

येथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझे आजोबा निरक्षर होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते नागपुरास दीक्षाभूमीवर होते. परत आले आणि घरातले देव नदीत सोडले. मी पदवीधर झालो तेव्हा एका सहाध्यायाने मला हिणवले, "तुमच्या म्हाताऱ्याने कोणता त्रिपिटक वाचला होता?" त्या दिवशी मी गप्प बसलो. आज म्हणेन, त्यांचा प्रश्न तयार होता: मला माणूस म्हणून कोण वागवतो? तो त्यांनी जन्मभर अंगावर वाचला होता. ग्रंथांचे वाचन त्यांच्या वतीने एका माणसाने केले. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी दिलेल्या बुद्धचरित्रापासून ते अखेरपर्यंत केले. पण आजोबांचे न वाचणे ही त्यांच्यावर लादलेली सक्ती होती. तीच आपण आपल्या मुलांवर श्रद्धेच्या नावाने लादायची काय?

शिवाय ख्रिस्ती पंडितांत आणि आपल्यात एक भेद आहे. त्यांना आचार्य जितका जुना तितका प्रमाण. आपल्याकडे जुनेपणा हे प्रमाण नाही. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे कालामांना खुद्द भगवंतांनीच सांगितले. बाबासाहेबांनी त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत परिव्रज्येचे रूढ कारण, चार आर्यसत्ये, कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन, या चारांवर उघड प्रश्न उभे केले. बुद्धाचे वचन कोणते हे ठरवायला बुद्धीची आणि लोककल्याणाची कसोटी दिली. ज्याने स्वतः इतके प्रश्न विचारले, त्याच्या नावाने प्रश्न विचारणाऱ्या मुलाशी अबोला धरणे मला पटत नाही.

मात्र मुलालाही मी एक गोष्ट सुनावली. 'मूळात नाही' असे म्हणण्यापूर्वी मूळ पुरते वाचावे. सुत्तनिपातात अत्तदण्डसुत्त आहे. लोक एकमेकांशी झगडताना पाहून आपल्या मनात भय कसे उपजले, हे त्यात बुद्ध सांगतात. धर्मानंद कोसंबींनी गृहत्यागाच्या संदर्भात त्याकडे लक्ष वेधले आहे. त्या सुत्तात रोहिणीचे नाव नाही, हेही मी त्याला आधीच सांगून टाकले.

गेल्या रविवारी तो ते सुत्त वहीत उतरवून घेऊन आला. वडीलही बरोबर होते. मुलगा एकेक ओळ पालीत म्हणे व तिचा अर्थ सांगे. वडील मध्येच त्याला थांबवून म्हणाले, "हे पुन्हा वाच." अबोल्याचे त्यांना बहुधा भानच राहिले नव्हते.