धक्का कमी केल्यावर

बंदूक चालवणाऱ्यालाही मारते. गोळी नळीतून पुढे निघते त्याच क्षणी दस्ता मागे येऊन खांद्यावर आदळतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून कुणालाच सूट नाही, मग चालवणारा सहा फुटी शिकारी असो की चौथीतली मुलगी. मोठ्या माणसाच्या तो धक्का अंगवळणी पडतो. काहींना तर त्याचा अभिमानही असतो. लहान मुलाचं मात्र नेमबाजीशी जमणार की नाही, हे बहुधा त्या पहिल्या पाच-दहा धक्क्यांवरच ठरून जातं.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात हा प्रश्न घरगुती आहे. पेनसिल्व्हेनिया, टेक्सस, माँटाना अशा राज्यांत हरणाच्या शिकारीचा हंगाम हा अनेक कुटुंबांचा वर्षातला ठरलेला कार्यक्रम असतो, आणि आजोबांची रायफल नातवंडाच्या हाती जाणं हा घरातला सोहळा. ती रायफल पुष्कळदा ‘थर्टी-ऑट-सिक्स’ची असते. हे काडतूस अमेरिकी लष्करासाठी १९०६ साली आलं, म्हणजे मुळात ते धडधाकट शिपायाच्या खांद्यासाठी होतं. साडेतीन-पावणेचार किलोच्या रायफलीतून ते उडालं की चालवणाऱ्याच्या खांद्याला २५ ज्यूलच्या आसपास फटका बसतो. पॉइंट टू-टूच्या बारक्या काडतुसाचा फटका अर्ध्या ज्यूललाही पोचत नाही. या दोन टोकांच्या मध्ये तीस किलो वजनाचं मूल उभं असतं.

पालकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते हलकी बंदूक घेऊन द्यायचं. मूल लहान, तेव्हा बंदूकही लहान. पण गणित नेमकं उलटं आहे. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. ज्या मुलाच्या सोयीसाठी हलकी रायफल घेतली, त्याच्याच खांद्याला ती जास्त लागते. बंदूक जड ठेवून तिला टेकू द्यावा, वाळूच्या पिशवीवर ठेवावी, हे अनुभवी लोक करतातच. खरा उपाय मात्र काडतुसात आहे.

हे काडतूस घरी भरता येतं. ‘हँडलोडिंग’ हा अमेरिकेतला जुना छंद आहे. एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही. तिचा जळका प्रायमर काढायचा, साच्यात दाबून तिला पुन्हा मूळ मापावर आणायचं, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. दारू मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा, आणि टेबलावरचा काटा त्याचाही दहावा हिस्सा दाखवतो. कारखान्याचं काडतूस सगळ्यांसाठी एकच असतं. घरचं काडतूस एका माणसासाठी, एका बंदुकीसाठी, एका दिवसासाठीही भरता येतं. वजनाला हलकी गोळी घ्यायची, तिचा वेग उतरवायचा. मागे येणारा संवेग निम्मा झाला की धक्क्याची ऊर्जा चौथाईवर येते. नळीच्या तोंडाशी होणारा स्फोटाचा आवाजही उतरतो, आणि मुलाच्या दृष्टीने ते धक्क्याइतकंच महत्त्वाचं असतं. कानांत बोळे आणि वरून मफ असे दोन्ही घातले, तरी दणका छातीला जाणवतोच.

एवढा आटापिटा कशासाठी, हे कळायला दचकणं समजून घ्यावं लागतं. दोन-चार वेळा खांदा दुखला की शरीर शहाणं होतं. ट्रिगर दाबण्याच्या क्षणभर आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे झुकतो, बोट ट्रिगरला हिसका देतं, आणि गोळी भलतीकडे जाते. मूल म्हणतं, मी हललोच नाही, आणि त्याला खरंच तसं वाटत असतं. प्रशिक्षकाकडे यावर साधी चाचणी असते. तो मुलाला न सांगता बंदुकीत नकली काडतूस घालतो. ट्रिगर दाबला जातो, फक्त ‘खट्’ असा आवाज होतो, ना धक्का ना दणका. आणि तरीही नळीचं टोक सपकन खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. मूल लाजतं. त्याला लाजायचं कारण नाही, कारण दचकायचं त्याने ठरवलेलं नसतं. ते त्याला मोठ्यांनी शिकवलेलं असतं, मोठ्यांचं काडतूस हाती देऊन. लागायला ही सवय दहा गोळ्या पुरतात आणि सुटायला काही महिनेही लागू शकतात.

तेव्हा मुलासाठी सौम्य काडतूस भरणारा बाप लाड करत नसतो. मुलाला विचार करायला सवड मिळावी याची तो तजवीज करत असतो. मात्र सौम्य करणं सोपं असतं, हा गैरसमज दारूच्या टेबलावर टिकत नाही. जलद जळणारी दारू इतकी थोडी लागते की ती पुंगळीच्या तळाशीच राहते. चुकून दुसऱ्यांदा घातली तरी पुंगळी भरून वाहत नाही, डोळ्यांना काही कळत नाही, आणि दुप्पट दारूने बंदूक फुटू शकते. म्हणून जाणकार माणूस पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतो आणि गोळ्या बसवण्याआधी वरून टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावतो. सगळ्यांतली पातळी एक दिसली पाहिजे. एक जरी वेगळी वाटली, तरी ती ओतून पुन्हा मोजायची. उलट बाजूनेही धोका आहेच. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, बाहेर नुसता फुसका आवाज येतो, आणि तो ओळखता न आल्याने मागून दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते. सावकाश जळणाऱ्या काही दारू तर प्रमाणाबाहेर कमी केल्या की शांत होण्याऐवजी दाब एकदम धोकादायकरीत्या वाढवू शकतात. म्हणूनच भरणीच्या छापील पुस्तकांत कमाल प्रमाणाबरोबर किमान प्रमाणही दिलेलं असतं, आणि ते अंदाजाने ओलांडायचं नसतं. जोर वाढवायला हौस पुरते. तो बेताने कमी करायला तक्ता, काटा आणि धीर लागतो.

इथपर्यंत बापाचं कौतुक करावं. यापुढे मात्र त्याला एक प्रश्न विचारायला हवा.

बंदुकीला दोन टोकं असतात. काडतूस सौम्य केल्याने बदलतं ते दस्त्याकडचं टोक. नळीकडच्या टोकाला त्या सौम्यपणाचा जवळपास पत्ता नसतो. अर्ध्या ज्यूलनेही खांद्याला न लागणारी पॉइंट टू-टूची गोळी एक किलोमीटरहून पुष्कळ लांब जाते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. धक्का हा बंदुकीचा स्वतःचा इशारा होता. शब्द न वापरता ती सांगत होती की तुझ्या हातात जे आहे ते किरकोळ नाही. मुलाच्या भल्यासाठी आपण तो इशारा काढून घेतला. मग त्याची जागा कोण भरणार?

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधतात. भोपळ्याने बुडायची भीती जाते; विहिरीची खोली तेवढीच राहते. म्हणून ज्याच्या पाठीला भोपळा आहे त्याच्याकडे काठावरच्या माणसाने दुर्लक्ष करायचं नसतं, उलट जास्त लक्ष द्यायचं असतं. कारण भीती गेलेलं पोर धाडस करतं.

अमेरिकेतल्या दोन घटना शेजारी ठेवल्या की हे नीट दिसतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ॲरिझोनातल्या एका शूटिंग रेंजवर ९ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी मशीनगन दिली गेली. सुटी गोळी तिने नीट झाडली. मग बंदूक सलग गोळीबारावर ठेवली गेली, धक्क्यांच्या माऱ्याने नळी वर आणि बाजूला फिरली, आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक डोक्यात गोळी लागून मरण पावला. तिथे धक्का मुलीच्या ताकदीबाहेरचा होता. त्याआधीच्या वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, केंटकीत ५ वर्षांच्या मुलाच्या हातून त्याची २ वर्षांची बहीण गेली. ती रायफल खास मुलांच्या मापाची होती, पॉइंट टू-टूची, त्याला भेट मिळालेली आणि घरातल्या कोपऱ्यात उभी केलेली. आत काडतूस राहिलंय हे घरात कुणाच्या ध्यानात नव्हतं. इथे धक्का नावालाही नव्हता. पहिल्या घटनेत मोठ्यांनी मुलीच्या खांद्याचा आणि मनगटाचा विचार केला नाही. दुसऱ्या घटनेत तो विचार झाला होता, बंदूक मुलाच्या मापाची केली होती; कुलूप मात्र कुणी लावलं नव्हतं. पहिली चूक सगळ्यांना चटकन दिसते. दुसरी दिसत नाही, कारण ती काळजीच्या वेषात येते.

मुलांना बंदूक शिकवूच नये, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं हलक्यात घेण्याजोगं नाही. २०२० पासून अमेरिकेत लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदूक पहिल्या क्रमांकावर आहे. त्यातले बहुसंख्य मृत्यू रेंजवरचे नाहीत हे खरं. खून आणि आत्महत्या हीच त्यामागची मोठी कारणं. पण बंदूक घरात असते, आणि रेंजवर शिकलेलं मूल घरीच राहतं. मला वाटतं, ज्या घरात बंदूक नाही तिथे मुलाने ती शिकलीच पाहिजे असं काही नाही. ज्या घरात ती आहे तिथे मात्र मुलाला अज्ञानात ठेवणं हे संरक्षण होत नाही. तिथे शिकवावं, आणि शिकवून झाल्यावरही किल्ली स्वतःकडेच ठेवावी. शिक्षण हा कुलपाचा पर्याय नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांना हा विषय परका वाटतो, पण मुलं मित्रांकडे खेळायला जातात, रात्री मुक्कामालाही राहतात. ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?’ हा प्रश्न समोरच्या आईबापांना विचारायचा संकोच मराठी माणसाला फार होतो. शेंगदाण्याची ॲलर्जी आपण न लाजता सांगतो. हेही तसंच विचारावं.

महाराष्ट्रात घरी काडतुसं भरायचा छंद नाही. परवान्याशिवाय ती बनवायला कायद्याची मुभाच नाही. पण सौम्य सुरुवात आपल्याकडेही आहे, आणि ती खेळानेच ठरवून दिली आहे. कोल्हापूर, पुणे, नाशिकची मुलं नेमबाजीला लागतात ती बहुतेक एअर रायफलवर. तिथे दारूच नाही, कोंडलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. अंतर १० मीटर, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. खांद्याला काही लागत नाही, त्यामुळे चुकीचं खापर धक्क्यावर फोडता येत नाही. श्वास, नजर आणि बोट एवढंच उरतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक घेऊन आला, ते पॉइंट टू-टूच्या रायफलीवर. ऑलिंपिकच्या पदकापर्यंत जाऊनही खांदा फोडणारी बंदूक कुठे लागली नाही.

याहून मोलाची एक गोष्ट या रेंजवर दिसते. गोळी झाडायची नसते तेव्हा रायफलच्या नळीतून एक भडक रंगाची दोरी ओवून ठेवतात. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. आत काही नाही हे दुरूनही दिसावं यासाठी ती असते, आणि एअर रायफललाही ती सक्तीची आहे. रेंज अधिकाऱ्याची आज्ञा झाल्याशिवाय भरायचं नाही, नळी फलकाकडेच, माणसं पुढे गेली की बंदुकीला हात लावायचा नाही. धक्का नसलेल्या हत्याराभोवती माणसांनी नियमांनी इशारा उभा केला आहे. अमेरिकेत जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम हेच करतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी धरू नका, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवा, नेमाच्या पलीकडे काय आहे ते बघा. या चारांत काडतुसाच्या ताकदीचा उल्लेख कुठेच नाही. सौम्य काडतुसाला सवलत नाही.

म्हणून सौम्य सुरुवात करून देणाऱ्या माणसावर दुहेरी काम येतं. फलक जवळ आणि मोठा लावावा, फुगा फुटल्याचा आनंद मुलाला मिळू द्यावा, एका वेळी एकच काडतूस हातात द्यावं, आणि मुलाला अजून हवंसं वाटत असतानाच आवरतं घ्यावं. पण नळी जरा जरी भलतीकडे फिरली तरी त्या दिवसाचा खेळ तिथेच संपवावा, पाहुणे आले असले तरी. शिसं हाताळलं की हात धुऊनच खायचं, हेही त्यातच आलं. धक्क्याच्या बाबतीत मऊ असणारा बाप नियमांच्या बाबतीत तितकाच कडक असला पाहिजे, कारण बंदूक जे स्वतः सांगत होती ते आता त्यालाच सांगायचं आहे, दर वेळी, न कंटाळता. तेवढा कंटाळा सोसायची ज्याची तयारी नाही, त्याने दारूचा काटा बाजूला ठेवून आणखी वर्षभर थांबावं. थांबल्याने कुणाचा नेम बिघडल्याचं ऐकिवात नाही.