वस्तूचे आयुष्य कोणाच्या हाती?

वस्तू विकली की विकणाऱ्याचे कर्तव्य संपते का, हा प्रश्न फार जुना आहे. इ.स.पूर्व ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात ऱ्होड्स बेटावर आलेल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण आहे. बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून हा व्यापारी धान्याने भरलेले गलबत घेऊन आला आहे. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. ही गोष्ट त्याने बेटावरच्या लोकांना सांगावी, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? सिसेरोचा कौल असा की, सांगावे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांचा निर्णय अधिक बारकाईचा आहे. वस्तूत दडलेला दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा घात होणार असेल, तर तो सांगण्यास विक्रेता बांधलेला आहे. जो दोष उघड दिसतो, उदाहरणार्थ घोड्याचा एक डोळा नसणे, तो त्याने बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. उद्या भाव उतरेल ही मात्र भविष्यातील गोष्ट. ती सांगणे हा मोठा सद्गुण होय, न्यायाचे बंधन नव्हे. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही हे वाचले, तेव्हा आमची कल्पना घोडा आणि धान्य यांच्या पलीकडे जात नव्हती. आज हा प्रश्न घराच्या भिंतीवर येऊन बसला आहे.

अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे एक उपकरण सुमारे ३०० डॉलरला विकले जात असे. घरातील दिवे, कुलुपे आणि इतर यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची असली तरी ती एकत्र चालवण्याचे काम ते करी. त्याची सेवा आजीवन मिळेल, असे ग्राहकांना सांगण्यात आले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या ‘नेस्ट’ने ती कंपनी विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी दूरवरचा सर्व्हर बंद केला. उपकरण मोडले नव्हते, त्याची एक तारही तुटली नव्हती; तरी ते निर्जीव झाले. ओरड झाल्यावर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने चौकशी सुरू केली. कंपनीने ग्राहकांना परतावा देऊ केला आणि चौकशी मिटली.

‘आजीवन’ म्हणजे नेमके कोणाचे जीवन? ग्राहकाचे, वस्तूचे की कंपनीचे? (मराठी नियतकालिकांच्या आजीवन वर्गणीदारांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. वर्गणीदार ठणठणीत आणि नियतकालिक मात्र दिवंगत, असे आपण कितीदा पाहिले आहे!) शब्दाचा अर्थ मोघम ठेवून पैसे मात्र रोख घ्यायचे, यात लबाडीचा अंश आहेच.

दुसरे उदाहरण अधिक सौम्य आहे, म्हणूनच अधिक विचार करायला लावणारे आहे. थंड देशांत घराची ऊब राखण्यासाठी भिंतीवर थर्मोस्टॅट बसवतात. हनीवेल कंपनीने १९५३ मध्ये गोल आकाराचा एक साधा थर्मोस्टॅट बाजारात आणला. तसले थर्मोस्टॅट कित्येक घरांत दशकानुदशके बिनतक्रार चालले. ‘नेस्ट’चा शिकणारा थर्मोस्टॅट २०११ मध्ये आला, त्याची दुसरी पिढी २०१२ मध्ये. या दोन्ही पिढ्यांची साथ गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ रोजी सोडली. भिंतीवरची तबकडी हाताने फिरवली तर ती आजही चालते, पण फोनवरून चालवण्याची सोय, जिच्यासाठी लोकांनी जादा पैसे मोजले होते, ती गेली. तेरा-चौदा वर्षे ही मुदत फोनच्या मानाने दीर्घ म्हणावी लागेल. भिंतीच्या मानाने ती अल्प आहे. माझ्या मते वस्तूचे वय ती जिथे बसवली जाते त्या जागेवरून मोजावे. खिशातील वस्तूला एक माप, भिंतीतील वस्तूला दुसरे.

आता अक्वायनस यांच्या कसोटीकडे वळू. कंपनी म्हणेल, आम्ही विकली तेव्हा वस्तू निर्दोष होती. पुढे काय होईल हे ऱ्होड्सच्या भावासारखे भविष्यातील आहे. हा युक्तिवाद मला पटत नाही. मागून येणारी गलबते त्या व्यापाऱ्याच्या आज्ञेत नव्हती. इथे मात्र गलबतही विक्रेत्याचे आणि सुकाणूही त्याच्याच हाती. सर्व्हर कधी बंद करायचा हे तोच ठरवतो. ज्या अंताचा निर्णय विक्रेता स्वतः घेणार, तो अंत म्हणजे वस्तूत आरंभापासून दडलेली उणीव होय, आणि ती घोड्याच्या डोळ्यासारखी उघड दिसत नाही. तेव्हा सांगण्याचे बंधन न्यायाचेच आहे.

मग साथ कायमची असावी का? तसेही नाही. सर्व्हरला वीज लागते, अभियंत्यांना पगार लागतो. शिवाय जुने उपकरण जाळ्याशी जोडलेले आणि डागडुजीविना राहिले, तर ते केवळ मालकाला नव्हे, परक्यालाही धोक्याचे असते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘मिराई’ या घातक प्रणालीने असंख्य कॅमेरे व तत्सम उपकरणे वेठीस धरून अमेरिकेतील ‘डाइन’ कंपनीवर हल्ला चढवला आणि अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास कोलमडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याची गंधवार्ताही नसावी. आजोबांचे घड्याळ मागे पडले तर फक्त आजोबांना उशीर होतो. इथे तसे नाही. म्हणून साथ संपणे हा अपराध नव्हे. न सांगता संपणे, आणि संपताना साधे कामही हिरावून घेणे, हा अपराध. दिव्याचे बटण दिव्याचे बटण म्हणून तरी उरले पाहिजे. आणि कंपनीला ओझे पेलवत नसेल तर तिने ते दुसऱ्याच्या हाती सोपवावे. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले, दोनच महिन्यांत तिच्या काही ग्राहकांनी मिळून तो व्यवसाय विकत घेतला आणि सेवा पुन्हा सुरू केली.

कायदा हळूहळू जागा होत आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षेची अद्ययावतता किमान किती काळ मिळेल हे उत्पादकाने जाहीर करणे सक्तीचे आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार ही साथ साधारणतः किमान पाच वर्षे द्यावी लागेल. त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासूनची आहेत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये १८४ उपकरणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १६३ उपकरणांच्या बाबतीत साथ किती काळ मिळेल, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर सापडले नाही.

आपल्याकडे औषधाच्या वेष्टनावर अंतिम तारीख छापलेली असते आणि ती पाहिल्याशिवाय आपण गोळी घेत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क दिला. साथीच्या मुदतीचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. आखातात नोकरी करणारा मुलगा गावी एकट्या राहणाऱ्या आईच्या दारावर कॅमेरा बसवतो, तेव्हा तो दुकानदाराला वॉरंटी विचारतो. दुकानदार ‘एक वर्ष’ म्हणतो, आणि तेही खोटे नसते. पण ते यंत्राच्या बिघाडाबद्दलचे उत्तर आहे. सर्व्हरबद्दल कोणी विचारलेले नाही आणि कोणी सांगितलेले नाही.

मोजणी कुठून करायची, हाही प्रश्न उरतो. पहिला नग बाजारात आला त्या दिवसापासून, की शेवटचा विकला गेला त्या दिवसापासून? ज्याच्या हाती पैसा बेताचा, तो बहुधा जुने झालेले मॉडेल सवलतीत घेतो. पहिल्या नगापासून मोजले तर पाच वर्षांतील दोनच त्याच्या वाट्याला येतील, आणि वेष्टनावर छापलेला आकडा मात्र पाचच राहील.