दुसऱ्याचे वाक्य

बोलण्याला श्वासाचे भांडवल लागते, हे निरोगी माणसाच्या ध्यानातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपवात जडला तेव्हा आम्ही सारे त्यांच्या हातांकडेच पाहत राहिलो. छातीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली अवघ्या सहा रोग्यांवरून या विकाराचे वर्णन लिहिले. तेव्हापासून त्याची ओळख थरथरत्या हातानेच होत आली आहे. पण विकार हातापाशी थांबत नाही. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात, स्नायू ताठरतात, आणि हा ताठरपणा छातीच्या स्नायूंनाही सोडत नाही. डॉक्टरांनी आप्पांना यंत्राच्या नळीत जोराने फुंकायला लावले आणि मग मला समजावले, "फुप्फुसे ठीक आहेत; भाता नीट उघडमीट होत नाही." पुरता श्वास भरत नाही म्हणून आवाज खाली जातो. खोकल्यात जोर नसतो म्हणून श्वासनलिकेत गेलेला घास बाहेर पडत नाही, आणि त्यातून न्यूमोनियाचे भय. नवल असे की, आपला आवाज उतरला आहे हे रोग्याला स्वतःला बहुधा जाणवत नाही! आप्पांना वाटते, घरातली माणसेच बहिरी झाली.

गेल्या दिवाळीत फराळाला बसताना आप्पा म्हणाले, "यंदा... कंदील..." आणि दम घ्यायला थांबले. मी म्हणालो, "लावला ना, आप्पा!" हिने पुस्ती जोडली, "नवाच आणलाय." आप्पा गप्प झाले. त्यांचा श्वास वाचवल्याचे आम्हांला समाधान वाटले.

रात्री माझा सहा वर्षांचा मुलगा त्यांच्यापाशी बसला होता. आजोबांचे वाक्य कुठे जाणार हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून तो नुसता त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने वाक्य पुरे झाले: "यंदा कंदील... मी... बांधणार होतो."

दाराआडून मी ते ऐकले. दुबळ्याचे श्रम वाचवणे हे नेहमीच पुण्य असते काय? मला वाटते, श्रमाश्रमांत भेद आहे. जेवताना आप्पांना ताठ बसवणे, एक घास गिळेपर्यंत दुसरा न देणे, ठसका लागताच धावणे, ही सेवा खरी. पण त्यांचे वाक्य मी पुरे करतो, तेव्हा माझ्याच घाईला सेवेचे गोंडस नाव देतो. वर्गात एखादा मुलगा उत्तर आठवत असला, तर मी हातात खडू धरून थांबतो. मग ज्यांनी मला बोलायला शिकवले, त्यांच्यापाशीच माझा धीर का सुटावा? शिवाय मोठ्याने बोलण्याचा सराव हा या आवाजावरचा एक उपाय आहे, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे प्रेमापोटी आम्ही त्यांचे औषधच काढून घेत होतो!

यंदा कामट्या आणून ठेवल्या आहेत. कंदील वाकडा होईल, वेळही लागेल. कागद कोणत्या रंगाचा आणू, असे मी आप्पांना विचारले आहे. आणि उत्तराची वाट पाहत बसलो आहे.